पाणी भरलेले असूनही गाडी का उकळते?

नांदेड किंवा लातूरच्या गॅरेजमध्ये एप्रिल-मे महिन्यांत जुन्या गाड्यांचे मालक एक प्रश्न वारंवार विचारतात. रेडिएटर तोंडापर्यंत भरलेला होता, गळती कुठे दिसत नव्हती, मग गाडी उकळली कशी? या प्रश्नात एक गृहीतक दडलेले असते. यंत्रणेत पाणी आहे म्हणजे इंजिन थंड राहणारच, असे मानले जाते. प्रत्यक्षात पाणी पुरेसे असणे, ते फिरत असणे आणि तापलेल्या धातूला ते सर्व बाजूंनी भिडलेले असणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि भरलेला रेडिएटर यांपैकी पहिलीचीही पूर्ण ग्वाही देत नाही. कारण त्याच्या तोंडाशी दिसणारे पाणी हे एका लांब वाटेच्या एका टोकाचे पाणी असते. त्या वाटेवर पुढे काय घडते, हे समजले की बिघाड शोधण्याचे काम बरेच सोपे होते आणि एकामागून एक नवे भाग बसवून पाहण्याचा खर्चही वाचतो.

१. एका तासाची उष्णता

पेट्रोलच्या ज्वलनातून मिळणाऱ्या उष्णतेपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. उरलेल्यापैकी मोठा वाटा सायलेन्सरवाटे धुराबरोबर निघून जातो आणि जवळजवळ तेवढाच वाटा सिलिंडरच्या भिंतींत व त्यांच्यावर बसवलेल्या हेडमध्ये शिरतो. धातूत शिरलेली ही उष्णता सतत बाहेर काढत राहणे हे शीतकरण यंत्रणेचे काम असते.

हे काम किती मोठे आहे, ते मारुती ८०० च्या उदाहरणावरून पाहता येईल. डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आलेल्या आणि २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या या गाडीचे इंजिन अवघे ७९६ घन सेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे आहे. ती ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाते आणि लिटरला १८ किलोमीटर चालते असे धरले, तर तासाला ३ लिटर पेट्रोल जळते. एका लिटरमधून साधारण ७,७०० किलोकॅलरी उष्णता मिळते. म्हणजे तासाला २३,१०० किलोकॅलरी, आणि तिचा एक तृतीयांश वाटा धातूत शिरतो असे मानल्यास ७,७०० किलोकॅलरी पाण्याने वाहून न्यायच्या. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. याचा अर्थ असा की, एवढ्या उष्णतेत ३० अंशांचे सुमारे ११० लिटर पाणी दर तासाला उकळी फुटेपर्यंत तापवता आले असते, आणि गाडीत मात्र पाणी असते साडेतीन-चार लिटर.

एवढे थोडे पाणी पुरते, कारण ते थांबत नाही. बेल्टने फिरणारा पंप, ज्याला गॅरेजमध्ये ‘वॉटर बॉडी’ म्हणतात, पाणी ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात त्या भागात, ढकलतो. तेथून ते हेडमध्ये चढते, थर्मोस्टॅट नावाच्या झडपेतून वरच्या पाइपने रेडिएटरमध्ये जाते, तेथील बारीक नळ्यांतून जाताना वाऱ्याला उष्णता देऊन निवते आणि खालच्या पाइपने पुन्हा पंपाकडे येते. वरील उदाहरणात पाण्याला दर मिनिटाला १२८ किलोकॅलरी उचलायच्या असतात. रेडिएटरमधून जाताना पाणी सात अंशांनी निवते असे धरले, तर मिनिटाला सुमारे १८ लिटर पाणी फिरावे लागेल, म्हणजेच त्याच चार लिटरांना मिनिटाला चार-पाच फेऱ्या कराव्या लागतील. हे अभिसरण थांबले, तर चार लिटर पाण्याचे तापमान मिनिटाला ३२ अंशांनी चढू लागते. इंजिनाचा धातू थोडी उष्णता स्वतःत सामावून घेतो, म्हणून प्रत्यक्षात थोडा अधिक वेळ मिळतो, पण तो फार नसतो. तापमानाचा काटा वर चढताना दिसल्यावर ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ हा विचार किती महागात पडू शकतो, ते या हिशेबातून कळते.

२. उन्हाळ्याने काय बदलते

रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो, हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. पाणी ९० अंशांवर असताना डिसेंबरच्या सकाळची हवा २० अंशांची असेल, तर फरक ७० अंशांचा. मे महिन्यात दुपारी हवा ४३ अंशांची असेल, तर फरक ४७ अंशांचा. तोच रेडिएटर, तोच पंखा, तोच वेग असूनही उष्णता टाकण्याची क्षमता सुमारे एक तृतीयांशाने घटलेली असते. त्यातच वातानुकूलन चालू असेल, तर त्याचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असल्यामुळे रेडिएटरपर्यंत पोहोचणारा वारा आधीच तापलेला असतो.

निर्मात्याने ही घट लक्षात घेऊन रेडिएटर मोठा दिलेला असतो, आणि नवी गाडी मराठवाड्याचा उन्हाळा सहज सोसते. वर्षानुवर्षे नळ्या बुजत गेल्या की ही राखीव क्षमता हळूहळू संपते, पण थंडीत ते जाणवत नाही. म्हणून मे महिन्यात उकळणाऱ्या गाडीतला बिघाड बहुधा मे महिन्यातला नसतो. तो आधीपासून असतो आणि उन्हाळ्यात उघडा पडतो. उन्हाला दोष देऊन पावसाळ्याची वाट पाहणारा मालक पुढच्या वर्षी तोच बिघाड अधिक वाढलेल्या रूपात पाहतो.

३. झाकणाचे काम

रेडिएटरचे झाकण हा यंत्रणेतील सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित भाग आहे. लातूर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून अधिक उंचीवर वसलेले असल्यामुळे तेथे उघड्या भांड्यातील पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. इंजिनात, विशेषतः एग्झॉस्ट वॉलभोवती, पाणी याहून अधिक तापू शकते. त्यामुळे यंत्रणा बंदिस्त ठेवून तीत दाब निर्माण होऊ दिला जातो. झाकणावर ‘०.९’ असा आकडा असेल, तर आतील दाब वातावरणापेक्षा ०.९ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरने वाढेपर्यंत झाकणातली स्प्रिंग पाण्याला अडवून धरते, आणि त्या दाबाला साधे पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळते. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग ढिली पडली की हे सुमारे वीस अंशांचे संरक्षण नाहीसे होते आणि इतर सर्व भाग धडधाकट असलेली गाडीही चढावर उकळू शकते.

झाकणात उलट दिशेने उघडणारी आणखी एक छोटी झडप असते. तापलेले पाणी प्रसरण पावून राखीव बाटलीत जाते. इंजिन थंड होताना आत निर्वात पोकळी तयार होऊ लागते, तेव्हा ही झडप उघडते आणि बाटलीतले पाणी परत आत ओढले जाते. झडप चिकटली, तर थंड इंजिनाचा वरचा पाइप चपटा झालेला दिसतो. बाटलीकडे जाणारी बारीक नळी चिरलेली असेल किंवा बाटली रिकामी असेल, तर पाण्याऐवजी हवा आत ओढली जाते आणि रोज रात्री थोडी थोडी हवा यंत्रणेत साठत जाते.

झाकणाने आत दाब धरून ठेवलेला असतो, याच कारणासाठी तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. झाकण सैल होताच दाब नाहीसा होतो, ११० अंशांवर शांत असलेले पाणी त्या क्षणी उकळ्या फुटून वाफेसह वर उसळते आणि चेहरा व हात भाजून निघतात. जाड फडके हातात धरल्याने हा धोका टळत नाही. वरचा पाइप हाताने सहज दाबता येईल आणि हाताला गरम लागणार नाही, इतका वेळ थांबणे हाच खात्रीचा उपाय आहे.

४. बोरचे पाणी

मराठवाड्यातील जुन्या गाड्यांचा सर्वांत मोठा शत्रू कोणता, असे विचारल्यास उन्हाच्याही आधी पाण्याचे नाव घ्यावे लागेल. दक्षिणेच्या पठारावरील काळ्या बेसाल्ट खडकाच्या फटींतून झिरपत गेलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळतात. पाणी जितके खोल आणि जितका काळ खडकाच्या संपर्कात राहते, तितके ते सहसा अधिक जड होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरमध्ये खोल बोअरवेल आणि टँकर ही घरोघरची सवय झाली, आणि जे पाणी घरात आले तेच गाडीच्या रेडिएटरमध्येही गेले.

अशा पाण्यातले कॅल्शियम बायकार्बोनेट उष्णतेने विघटित होते. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट धातूवर पांढऱ्या थराच्या रूपात बसते. घरातल्या गिझरच्या कॉइलवर जमणारा थर तो हाच. इंजिनात तो नेमका सर्वांत तापलेल्या जागी, म्हणजे हेडमध्ये आणि सिलिंडरभोवती, आधी जमतो. हा थर उष्णतेचे वहन धातूच्या मानाने कितीतरी पटींनी कमी करतो, त्यामुळे पाणी आणि काटा दोन्ही ठीक दिसत असतानाही आतला धातू प्रमाणाबाहेर तापलेला असू शकतो.

हा थर किती साचू शकतो? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० नुसार, कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालवून घ्यावा. ६०० ची मर्यादा गाठलेले पाणी एखादा मालक आठवड्याला अर्धा लिटर टाकत असेल, तर वर्षाला २६ लिटर पाण्याबरोबर सुमारे साडेपंधरा ग्रॅम क्षार आत जातात. ते सगळेच धातूवर बसतात असे नाही. पण पाणी वाफेने किंवा गळतीने बाहेर जाताना थर आतच राहतो, हे महत्त्वाचे. चार लिटर जड पाणी एकदाच भरले, तर नुकसान अल्प असते. रोजची ‘टॉप-अप’ मात्र रेडिएटरच्या नळ्या बुजवते.

म्हणून बॅटरीत घालण्यासाठी पेट्रोलपंपावर मिळणारे डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट यांचे मिश्रणच वापरावे. कूलंट म्हणजे इथिलीन ग्लायकॉल हे द्रव आणि गंज रोखणारी रसायने यांचे मिश्रण. मराठवाड्यात पाणी गोठण्याची भीती नाही, त्यामुळे कूलंटची गरज नाही, असा समज आढळतो. परंतु येथे त्याचे खरे काम अॅल्युमिनियमच्या हेडचे आणि पंपाच्या सीलचे रक्षण करणे व पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवणे हे आहे. त्याचबरोबर नुसते कूलंट ओतणेही चूक ठरते, कारण निव्वळ ग्लायकॉल समान वजनाच्या पाण्याच्या जेमतेम साठ टक्के उष्णता वाहून नेते. कूलंट आधीच पातळ केलेले नसेल, तर चार लिटरांच्या यंत्रणेत दोन लिटर कूलंट आणि दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर हे प्रमाण बहुतेक गाड्यांना चालते. तयार मिश्रणात पुन्हा पाणी घालू नये. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. काढलेले कूलंट गटारात किंवा अंगणात ओतल्यास कुत्री, वासरे, शेळ्या ते चाटू शकतात. ते झाकणाच्या डब्यात, मुलांपासून दूर ठेवावे.

गळती थांबवण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा ड्रायव्हर लोकांचा जुना तोडगा आहे. हळदीची भुकटी बारीक छिद्रात फुगून बसते आणि गाव गाठता येते, हे खरे. पण तीच भुकटी रेडिएटरच्या नळ्यांतही बसते. हळद टाकून गाडी घरी आणली असेल, तर ती त्याच आठवड्यात धुऊन काढावी आणि गळतीची जागा नीट झाळून घ्यावी.

५. गाडी नेमकी केव्हा तापते?

बिघाड शोधताना ‘काय बदलावे’ याआधी ‘केव्हा तापते’ हे विचारणे फार उपयोगी ठरते, कारण यंत्रणेतला प्रत्येक भाग वेगवेगळ्या परिस्थितीत कामाला येतो.

सिग्नलवर, बाजारपेठेत किंवा रेल्वे फाटकाशी उभी असताना काटा चढतो आणि हमरस्त्यावर वेग घेताच खाली येतो, तर पंख्यावर संशय घ्यावा. चालत्या गाडीत वारा आपोआप रेडिएटरमधून जातो. उभ्या गाडीत पंखा हाच वाऱ्याचा एकमेव स्रोत असतो. अॅम्बॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनीत पंखा बेल्टने फिरतो, त्यामुळे तेथे आधी बेल्टचा ताण पाहावा. मारुती ८०० मध्ये पंखा विजेचा असून पाणी ठरावीक तापमानाला पोहोचल्यावर थर्मो स्विच तो चालू करतो. फ्यूज तपासल्यावर, दोन वायरींच्या स्विचची जोडणी काढून त्या दोन वायरी क्षणभर एकमेकींना जोडाव्यात. इग्निशन चालू असताना पंखा फिरला, तर मोटर ठीक असून स्विच बाद आहे किंवा स्विचपर्यंत गरम पाणीच पोहोचत नाही. ही दुसरी शक्यता पुढे पुन्हा येईल.

याउलट शहरात गाडी ठीक राहते, पण राष्ट्रीय महामार्ग ३६१ वरून नांदेडहून लोहा-अहमदपूरमार्गे लातूरकडे जाताना सलग वेगात किंवा चढावर काटा चढू लागतो, तेव्हा उष्णता जास्त निर्माण होत असून ती बाहेर टाकण्याची क्षमता अपुरी पडत असते. रेडिएटर बाहेरून आणि आतून असा दोन्हीकडून तपासावा. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत उडणारा भुसा, कापसाचे तंतू आणि किडे पातळ पत्र्यांच्या जाळीत अडकतात. ही घाण इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवावी, कारण समोरून जोरात पाणी मारल्यास ती आणखी आत जाते आणि पत्रे वाकतात. आतली अडचण ओळखण्यासाठी गाडी पूर्ण तापवून, इंजिन बंद करून, पंख्याची वायर काढल्यावर रेडिएटरच्या जाळीवर निरनिराळ्या ठिकाणी तळहात जवळ नेऊन पाहावे. मध्येच थंड पट्टे आढळले, तर तेथील नळ्या बुजलेल्या आहेत. जुन्या तांबे-पितळी रेडिएटरची टाकी उघडून आतून सळई घालून नळ्या मोकळ्या करणारे कारागीर अजून आहेत, आणि हे काम नीट झाल्यास तो रेडिएटर पुढे अनेक वर्षे चालतो. प्लॅस्टिकच्या टाक्यांचे अॅल्युमिनियम रेडिएटर मात्र सहसा बदलावेच लागतात. वेगात तापणाऱ्या गाडीचा खालचा पाइपही पाहावा. जुना मऊ पडलेला पाइप पंपाच्या ओढीने आत पिचतो आणि इंजिनाचा वेग कमी होताच पुन्हा गोल होतो, त्यामुळे उभ्या गाडीत तो निर्दोष दिसतो.

इंजिन तापले, काटा वर गेला, पण वरचा पाइप हाताला थंडच लागतो, असे असेल तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे, पंप पाणी ढकलत नाही किंवा थर्मोस्टॅटपाशी हवा साठली आहे. पाणी कमी होते पण खाली थेंब दिसत नाही, तेव्हा पंपाच्या तळाच्या छोट्या छिद्राशी वाळलेले पांढरे वा हिरवे डाग, हीटर असलेल्या गाडीत पायाखालचा ओला गालिचा आणि ब्लॉकच्या बाजूच्या गोल पत्र्याच्या बुचांभोवतीचा गंज, या तीन जागा पाहाव्यात.

६. थर्मोस्टॅट काढून टाकावा का?

‘आपल्याकडे एवढे ऊन, थर्मोस्टॅट हवाच कशाला’ असे म्हणून तो काढून टाकण्याची पद्धत फार रूढ आहे. थर्मोस्टॅटच्या आत मेणासारखा पदार्थ असतो. ८० ते ९० अंशांच्या दरम्यान, गाडीनुसार ठरलेल्या तापमानाला तो वितळून प्रसरण पावतो आणि झडप उघडते. तोपर्यंत पाणी इंजिनातच फिरते, म्हणून इंजिन लवकर योग्य तापमानाला येते.

तो काढला तर सकाळच्या थंडीत इंजिन बराच वेळ गार राहते, पेट्रोल जास्त जळते आणि सिलिंडरची झीज वाढते. याहून गंभीर गोष्ट अशी की, काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना तोच रेडिएटरला टाळून जाणारी आडवाट बंद करतो; तो काढल्यास ही आडवाट कायम उघडी राहते आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता थेट पंपाकडे परततो. म्हणजे गाडी थंड राहावी म्हणून केलेला उपाय गाडी तापवण्यास हातभार लावतो. थर्मोस्टॅट तपासणे अगदी सोपे आहे. तो पातेल्यातील पाण्यात दोऱ्याने टांगावा, शेजारी तापमापी धरावी आणि पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास उघडू लागला आणि पाणी निवताना पूर्ण मिटला, तर तो चांगला आहे. बसवताना त्यावरील बारीक छिद्र किंवा हलणारी छोटी पिन वरच्या बाजूला ठेवावी, कारण हवा निसटण्यासाठी ती वाट मुद्दाम ठेवलेली असते.

७. अडकलेली हवा

आता मूळ प्रश्नाकडे वळता येते. रेडिएटर भरलेला, गळती नाही, पंखा चांगला, थर्मोस्टॅट नवा. आणि तरीही नेमके पाइप किंवा पंप बदलल्यानंतरच गाडी तापू लागते. अशा वेळी यंत्रणेत हवा राहिलेली असण्याची शक्यता सर्वाधिक.

विहिरीपासून शेतापर्यंत पाइपलाइन टाकलेल्या शेतकऱ्याला हा प्रकार नवा नाही. पाइप जिथे चढावरून जाऊन पुन्हा उतरतो, तिथल्या उंच भागात हवा धरते. मोटर चालू असते, विहिरीत पाणी असते, पण शेतात धार पडत नाही, आणि उंचावरचा एअर वॉल उघडताच हवा फुसफुसत निघून पाणी चालू होते. इंजिनातही हवा सर्वांत उंच जागी, म्हणजे हेडच्या वरच्या पोकळीत, थर्मोस्टॅटच्या घरात किंवा हीटरच्या नळीत जाऊन बसते. तिचा तोटा दुहेरी असतो. एक तर पंपाच्या पात्यांना हवा ढकलता येत नाही, त्यामुळे अभिसरण मंदावते. दुसरे म्हणजे, एवढ्याच आकारमानाचे पाणी हवेच्या सुमारे चार हजारपट उष्णता वाहून नेते. म्हणून हवेचा बुडबुडा ज्या धातूला चिकटला, तो धातू जवळजवळ कोरडाच तापतो. थर्मो स्विच त्या बुडबुड्यात सापडला, तर त्याला गरम पाणी स्पर्शत नाही आणि इंजिन उकळत असतानाही पंखा फिरत नाही. काटा अचानक वर जाऊन तितक्याच अचानक खाली येणे, डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्याचा आवाज आणि गरम इंजिनावरही हीटरमधून गार वारा येणे ही हवा असल्याची लक्षणे आहेत.

सर्व गाड्यांना हा त्रास सारखा होत नाही. अॅम्बॅसॅडर, पद्मिनी आणि जुन्या जीप यांचा रेडिएटर उंच, उभा असतो आणि त्याचे तोंड इंजिनाच्या वरच्या पातळीला किंवा त्याहून उंच येते, म्हणून हवा बहुतेक वेळा आपोआप वर येऊन निघून जाते. बॉनेट ठेंगणे झाले तसे रेडिएटरही खाली आले. मारुती ओम्नीमध्ये तर इंजिन पुढच्या सीटखाली आणि रेडिएटर गाडीच्या नाकाशी असल्यामुळे दोहोंना जोडणारे पाइप तळाखालून लांबवर जातात. तेथे नुसते तोंडापर्यंत पाणी भरून काम झाले असे समजणे धोक्याचे ठरते.

८. हवा काढण्याची रीत

हे काम पूर्ण थंड इंजिनावर, शक्यतो सकाळी सुरू करावे. गाडीचे नाक वर राहील अशा उतारावर किंवा पक्क्या रॅम्पवर ती उभी करून हँडब्रेक ओढावा व मागच्या चाकांना दगड लावावेत; हेतू एवढाच की पाणी भरायचे तोंड ही यंत्रणेतील सर्वांत उंच जागा व्हावी. हीटर असेल, तर त्याची कळ पूर्ण ‘गरम’वर ठेवावी, म्हणजे त्या नळीतही पाणी जाईल.

मिश्रण मोजून तयार करावे आणि सावकाश ओतावे. मोजणे यासाठी की, किती हवा उरली याचा तोच पहिला पुरावा असतो. समजा, गाडीच्या पुस्तिकेत ३.६ लिटर क्षमता दिली आहे, खालचा नळ उघडून ३.२ लिटर जुने पाणी निघाले आणि आता तोंड भरेपर्यंत २.५ लिटरच आत गेले. तर उरलेल्या ०.७ लिटरच्या जागी हवा बसलेली आहे. भरताना वरचा आणि खालचा पाइप हाताने पुन्हा पुन्हा दाबून सोडावा. बुडबुडे वर येतात आणि पातळी खाली जाते. हवा काढण्याचा स्क्रू दिलेला असेल, तर तो थोडा सैल करून बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत भरत राहावे आणि मग आवळावा. स्क्रू नसलेल्या गाडीत सर्वांत उंच जागेवरच्या हीटर नळीची क्लिप, इंजिन थंड असतानाच, सैल करून तेच साधता येते. रेडिएटरचे तोंड इंजिनापेक्षा खाली असेल, तर तळ कापलेली पाण्याची प्लॅस्टिकची बाटली त्यात उलटी घट्ट बसवून ती अर्धी भरून ठेवावी, म्हणजे पाण्याची पातळी कृत्रिमरीत्या उंच होते.

यानंतर झाकण न लावता इंजिन सुरू करून मंद गतीवर ठेवावे. काही मिनिटे पातळीत फारसा बदल होत नाही. मग थर्मोस्टॅट उघडतो, वरचा पाइप एकाएकी गरम होतो आणि पातळी झपकन खाली जाते. ती लगेच भरावी. अधूनमधून अॅक्सिलरेटर हलका दाबून इंजिनाचा वेग वाढवावा आणि सोडावा, कारण वाढलेल्या प्रवाहाबरोबर कोपऱ्यातले बुडबुडे सुटतात. चेहरा तोंडावर वाकवू नये. या टप्प्यावर गरम पाणी उडू शकते. विजेचा पंखा एकदा चालू होऊन बंद झाला आणि पुन्हा एकदा चालू झाला, बुडबुडे थांबले आणि पातळी स्थिर राहिली, म्हणजे झाकण लावून राखीव बाटली खुणेपर्यंत भरावी. काटा मध्येच उंच जाऊ लागला, तर इंजिन बंद करून ते निवू द्यावे आणि पुन्हा सुरुवात करावी. घाईने झाकण लावून रस्त्यावर काढलेली गाडी पहिल्याच चढावर उकळते.

एवढ्याने काम संपत नाही. इंजिन रात्रभर निवताना उरलेली हवा वर येते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडून पातळी पाहावी आणि कमी झालेली भरावी. साधारणपणे दोन-तीन सकाळी पातळी थोडी थोडी कमी होते आणि मग स्थिरावते.

९. पातळी स्थिरावत नसेल तर

चौथ्या-पाचव्या सकाळीही पाणी कमी होत असेल, गळती कुठे नसेल आणि प्रत्येक वेळी हवा पुन्हा सापडत असेल, तर ती हवा राहून गेलेली नसून नव्याने आत येत असते. पंपाच्या ओढीच्या बाजूची क्लिप सैल असेल, तर तेथून हवा ओढली जाते आणि पाणी मात्र बाहेर येत नाही; खालच्या पाइपच्या दोन्ही क्लिपा बदलून पाहणे स्वस्तात होते. तेवढ्याने भागले नाही, तर हेड गॅसकेटकडे वळावे लागते. ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये बसवलेला हा पातळ थर फाटला, की सिलिंडरमधला जळता वायू प्रत्येक स्फोटाबरोबर पाण्याच्या वाटेत शिरतो. थंड इंजिन सुरू केल्याबरोबर, पाणी तापण्याच्या कितीतरी आधी, रेडिएटरच्या तोंडाशी सलग बुडबुडे येणे आणि वरचा पाइप एक-दोन मिनिटांतच टणक होणे ही त्याची लक्षणे होत. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर आणि सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर असेल, तर पाणी उलट दिशेनेही जात आहे. काही गॅरेजमध्ये यासाठी निळ्या द्रवाची चाचणी असते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढली आणि द्रव पिवळा पडला, तर त्या हवेत ज्वलनातून आलेला कार्बन डायऑक्साइड आहे.

अशा गाडीची हवा कितीही वेळा काढली तरी ती टिकणार नाही. हेड उतरवून ते लेथवाल्याकडे न्यावे आणि पट्टी व पातळ गेज लावून त्याचा पृष्ठभाग सपाट आहे का ते तपासून घ्यावे. अॅल्युमिनियमचे हेड एकदा जरी जास्त तापले असेल किंवा तापलेल्या इंजिनावर कोणी गार पाणी ओतले असेल, तर ते वाकलेले असू शकते, आणि वाकलेल्या हेडवर नवी गॅसकेट बसवली तर ती काही आठवड्यांतच पुन्हा उडते. पृष्ठभाग घासून सपाट करताना निर्मात्याने दिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक धातू काढू नये, बोल्ट ठरावीक क्रमाने आणि ठरावीक ताणाने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत, आणि त्यानंतर यंत्रणा डिस्टिल्ड वॉटर व कूलंटने भरून हवा काढण्याची सगळी क्रिया पहिल्या पायरीपासून पुन्हा करावी.